तीन जवानांचा वस्तरा

मंगळवारी सकाळी पावणेसहाला माझ्या बायकोनं, शांतानं, माझी दाढी केली. इथं जपानात, ओजिमाला सातव्या मजल्यावर, गॅलरीचं दार लावून, हीटर चालू ठेवून. माझा उजवा हात चार वर्षांपासून थरथरतो. तेव्हापासून वस्तरा तिच्याकडं. मीच तिला शिकवला. आधी फुग्यावर फेस लावून, मग माझ्या गालावर.

"मान वर करा. बोलू नका."

"मी कुठं बोलतोय?"

"गळा हलतोय तुमचा. मनात बोलताय."

"पाण्याची वाटी गार झाली असं म्हणत होतो."

"एवढ्या जवानांच्या दाढ्या केल्यात तुम्ही, ते बिचारे गुमान बसायचे. मला एकच गिऱ्हाईक, तेही वळवळतं."

हनुवटीखाली उलटा हात मारताना तिनं जीभ दातात धरली होती. नेहमीच धरायची. तुरटी फिरवली, टॉवेल झटकला, केस कागदात गुंडाळून जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकले. मंगळवार त्या कचऱ्याचा वार. नऊ वीसला ती ओट्यापाशी पडली. नऊ बत्तीसला अँब्युलन्स आली. अकरा चाळीसला डॉक्टरनं महेशला सांगितलं आणि महेशनं मला सांगितलं. महेश माझा मुलगा. इथल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर आहे.

तुमच्या अंकासाठी सैनिकी आठवणी मागितल्या आहेत. महेश म्हणाला, बाबा, पोस्टिंगचं लिहा, बर्फाचं लिहा. नाई होतो ते लिहायची गरज नाही. मी सातवी शिकलेला माणूस. मला सजवून लिहिता येत नाही आणि लपवूनही येत नाही. मी सतरा वर्षं फौजेत नाई होतो. आमचं घरच न्हाव्याचं. ट्रेड नाई म्हणून भरती झालो. रायफल चालवायला शिकलो, पण माझं हत्यार म्हणजे माझी धोकटी. वस्तरा, पट्टा, ब्रश, कात्री, तुरटी.

रोज पहाटे साडेचारला माझं काम सुरू. एका जवानाला चार मिनिटं. सात वाजता फॉल-इन, तोवर प्लाटून गुळगुळीत पाहिजे. सुभेदारसाब गालावर कापूस फिरवून बघायचे. कापूस अडकला तर त्या जवानाला एक्स्ट्रा ड्रिल आणि मला शिव्या.

उत्तरेकडच्या एका बर्फातल्या चौकीवर मात्र दाढीला सूट होती. पाणी गोठतं, गाल फाटतात. तिथं जवान वर चढले की दाढ्या वाढायच्या. खाली आले की माझ्यासमोर बसायचे. मी खालच्या बेसवर असायचो. एका हिवाळ्यात वरच्या तुकडीला अठ्ठावीस दिवस झाले होते. उतरायला दोन दिवस बाकी. दुपारी एक दहाला वायरलेस वाजला. मी स्टोव्हवर पाणी ठेवत होतो.

"बेस, बेस, चौकी बोल रहा हूँ. बर्फ गिरी है. तीन जवान निकाले हैं. ओव्हर."

"हालत बताओ. ओव्हर."

"तीनों नहीं रहे. ओव्हर."

सुभेदारसाबांनी हेडफोन खाली ठेवला. माझ्याकडं बघितलं.

"पाणी किती आहे?"

"एक पातेलं, साब."

"आणखी ठेव. उद्या हेलिकॉप्टर आहे. घरच्यांना ओळखू आले पाहिजेत."

संध्याकाळी पाच चाळीसला तिघांना खाली आणलं. नाईक भगवान शेलार. शिपाई रामू गावडे. शिपाई इक्बाल मुलाणी. अठ्ठावीस दिवसांच्या दाढ्या, त्यात बर्फ. इक्बालला दाढी शोभत होती. मी विचारलं, "साब, ह्याची ठेवू का?" साब म्हणाले, "आईनं भरती करताना जसा पाठवला तसा कर." मी वस्तरा काखेत धरून गरम केला. गार पातं गारठलेल्या कातडीला ओढतं. आधी कात्रीनं उतरवलं, मग गरम फडकं, मग सुलटा हात, केसांच्या दिशेनं. उलटा मारायचा नाही. जिवंत माणसाला कापलं तर रक्त थांबतं आणि डाग जातो. ह्यांचा राहतो. तिघांना मिळून एक तास पन्नास मिनिटं लागली. एकालाही ओरखडा नाही. हात हलला नाही. तेव्हा मी एकोणतीसचा होतो.

फौजेतलं माझं काम एवढंच. मेडल नाही त्याला. पण मला वाटायचं, घरचं माणूस गेलं तर त्याचं हे शेवटचं काम मी करणार. दुसऱ्याला हात लावू देणार नाही.

इथं तेही माझ्या हातात राहिलं नाही.

पहिलं म्हणजे शांताला लगेच नेता येईना. महेश म्हणाला, "स्मशानाचा नंबर आठ दिवसांनी आहे."

"माणूस मेल्यावर नंबर?"

"बाबा, इथं असंच असतं. गर्दी असते."

फौजेत हेलिकॉप्टर हवामानामुळं थांबतं ते मला समजतं. इथं रोज स्वच्छ ऊन होतं. आठ दिवस तिला थंड खोलीत ठेवली. मी आठ दिवस सोफ्यावर. सुतक म्हणून दाढी नाही. पांढरे खुंट वाढले, मान खाजायला लागली. सतरा वर्षं फौजेत आणि त्यानंतर सदतीस वर्षं मी एक सकाळ चुकवली नव्हती. पुण्याच्या गुरुजींना फोनवर विचारलं, दहावा मरणापासून धरायचा की अग्नीपासून? ते म्हणाले, परदेशात सोयीनं धरा. सोयीनं! असलं उत्तर मी सुभेदाराला दिलं असतं तर क्वार्टर गार्डच्या कोठडीत बसलो असतो.

तिसऱ्या दिवशी महेश बाथरूममधून गुळगुळीत होऊन आला.

"सुतकात वस्तरा लावलास?"

"वस्तरा नाही बाबा, इलेक्ट्रिक आहे."

"मग आई पण इलेक्ट्रिकच गेली का?"

"क्लायंट येणार आहे, बाबा. योकोहामाला जायचंय. प्लीज."

त्याचे डोळे सुजले होते ते मला दिसत होतं. पण गाल गुळगुळीत होते ते जास्त दिसत होतं.

सातव्या दिवशी दुपारी दोन वाजता अंत्यविधीच्या हॉलवर बोलावलं. तिथं पेटीत ठेवण्याआधी प्रेताची तयारी करतात. त्या कामाची बाई होती, ओकुदा-सान, म्हणजे आपल्या भाषेत ओकुदाबाई. चाळिशीची, काळा कोट, केस मागं घट्ट. शांताला तिनं आधी वाकून नमस्कार केला. मग प्रत्येक गोष्ट करण्याआधी शांताला सांगून करत होती. महेश म्हणाला, आता हात पुसते असं म्हणाली. आता केस विंचरते म्हणाली. चादरीखालून सगळं काम, कुठं अंग उघडं दिसू दिलं नाही. मी मनात म्हटलं, ही बाई शिकलेली आहे.

मग तिनं आपल्या बॅगेतून वस्तरा काढला. आपल्यासारखा मिटणारा नाही. सरळ दांडीचा, एका बाजूनं घासलेला. तिनं महेशला काहीतरी विचारलं. महेश लाल झाला.

"काय म्हणते?"

"आईचा चेहरा... म्हणजे, वरची बारीक लव काढू का विचारतायत. इथं बायकांची पण करतात. नंतर पावडर नीट बसते म्हणे."

"बाईच्या तोंडाला वस्तरा?"

"पद्धत आहे, बाबा. नको म्हणून सांगू?"

माझ्या डोक्यात रागच आला होता. पण वस्तऱ्याचं पातं मी बघितलं होतं. ते चांगल्या हातातलं पातं होतं. आणि मला एकदम कळलं की हे काम माझं आहे. तिघांचं केलं. हिचं मी नाही करायचं तर कुणी?

"तिला सांग, मी करतो. माझं काम आहे हे."

महेश जपानीत बोलला. बाईनं माझ्याकडं बघितलं, माझ्या वाढलेल्या दाढीकडं, माझ्या हाताकडं.

"काय सांगितलंस तिला?"

"तुम्ही फौजेत होतात म्हणून सांगितलं."

"नाई होतो ते सांग."

"बाबा, आता कशाला ते?"

बाईनं दोन्ही हातांनी वस्तरा पुढं केला. मी गुडघ्यावर बसलो. डावा हात शांताच्या कपाळावर ठेवला. गार होती. वस्तरा गालाजवळ नेला. दोन चौदा झाले होते, समोर घड्याळ होतं. हात थरथरत होता. करंगळी टेकवली तरी थांबेना. श्वास धरून बघितला. पातं टेकलं की लागणार आणि डाग राहणार हे माझ्याइतकं त्या खोलीत कुणाला माहीत नव्हतं. दोन सोळाला मी वस्तरा खाली ठेवला.

माझ्याकडून झालं नाही.

बाईनं मला वाकून काहीतरी म्हटलं. महेशनं ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मग तिनं केलं. अकरा मिनिटं. कपाळ, भुवईच्या वर, गाल, ओठाच्या वर. सुलट्या हातानं. मी सुभेदारासारखं वाकून तपासलं. काहीतरी चूक सापडावी असं मला फार वाटत होतं. एकही सापडली नाही.

टॅक्सीत मी महेशला विचारलं, "नाई का नाही सांगितलंस?"

"तिला काय फरक पडतो बाबा?"

"मला पडतो. फौजी म्हटल्यावर तिनं म्हाताऱ्याचं मन राखलं. नाई म्हटलं असतं तर माझ्या हाताला हात लावून म्हणाली असती, कोपर इथं टेकव. कामाचा माणूस कामाच्या माणसाला सांगतो. फौजीला कोण सांगणार?"

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "शाळेत मला काय काय म्हणायचे ते तुम्हाला माहीत नाही."

"माहीत आहे. मलाही तेच म्हणायचे. पलटणीत सुद्धा."



दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अग्नी होता. मी साडेपाचला उठलो. धोकटी काढली. पट्ट्यावर वस्तरा घासला. घासायला हात थरथरला तरी चालतं, पट्टा माफ करतो. मग महेशला उठवलं आणि म्हटलं, हॉलवर लवकर जायचं. आठ वाजता पोचलो. ओकुदा-सान दुसऱ्या खोलीत होत्या. महेशनं बोलावलं. त्या हात पुसत आल्या.

मी वस्तरा दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं केला, त्यांच्या पद्धतीनं.

"सांग, चार्ज देतोय. आता माझ्याच्यानं होत नाही. वापरा, नाहीतर ठेवा."

महेश जपानीत बोलायला लागला. नेहमीपेक्षा हळू. मला जपानी येत नाही. पण त्यात एक शब्द आला, तोकोया. आमच्या बिल्डिंगखाली लाल-निळा खांब फिरणारं जे न्हाव्याचं दुकान आहे त्याला म्हणतात ते. मी त्याच्याकडं बघितलं. तो खाली बघून बोलत होता, पण बोलत होता.

बाईंनी वस्तरा उघडला. खिडकीकडं नेऊन धार बघितली. अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवली. आम्ही बघतो तशीच. मिटून माझ्या हातात परत दिला. महेश म्हणाला, लोकांकडून घ्यायची त्यांना परवानगी नाही. मग त्यांनी आणखी काही विचारलं.

"विचारतायत, ह्या वस्तऱ्यानं कुणाकुणाला निरोप दिलात?"

कोणी मला हे आजवर विचारलं नव्हतं. मी सावधान उभा राहिलो.

"नाईक भगवान शेलार."

महेश म्हणाला, "नाईक भगवान शेलार." नावाला काय भाषांतर करणार.

"शिपाई रामू गावडे."

"शिपाई रामू गावडे."

"शिपाई इक्बाल मुलाणी."

"शिपाई इक्बाल मुलाणी."

पुढं मी थांबलो. चौथं काम माझं नव्हतं, त्या बाईंचं होतं. त्या कमरेतून खाली वाकल्या, बराच वेळ वाकलेल्या राहिल्या, आणि ते नाव त्यांनी घेतलं.

"शांता-सान," म्हणाल्या.