तांबड्याची दाढ

बाळांनो,

परवा फोनवर तुम्ही सांगत होता, की तुमच्या कुत्र्याचे दात साफ करायला त्याला दवाखान्यात नेलं, भूल दिली आणि आता घरी रोज ब्रशही करावा लागतो. मागून तुमचे बाबा हसत म्हणाले, "आमच्या आईच्या गावी कुत्र्याला दात असतात, हे तो चावल्यावरच कळायचं." त्याला हसू द्या. पण एक गोष्ट त्यालाही माहीत नाही आणि ती सांगायला आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमाराची ही गोष्ट. साताऱ्याला मामांकडे राहून मी मॅट्रिक झाले आणि कुंडलच्या पलीकडे आमच्या गावी परतले. घरात शब्द चालायचा अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते, पलटणीतून हवालदार होऊन आलेले. त्यांचा कुत्रा तांबड्या रंगाचा, म्हणून त्याला तांबडाच म्हणत. कोल्ह्यांपासून ऊस राखावा तो त्यानेच. शिवाय फेकलेला दगड तो हवेतल्या हवेत तोंडात झेलायचा. पाहुणे आले की अण्णा ही करामत आवर्जून दाखवत आणि तांबडाही शेपूट ताठ करून दाद घेई.

त्या हिवाळ्यात त्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली, फुटली आणि तिथे भोक पडलं. पू वाहायचा, थांबायचा, पुन्हा वाहायचा. सगळे म्हणाले, डोळ्याचा रोग. हळद झाली, एरंडेल झालं, दृष्ट काढून झाली. शेवटी लोखंडी डागणी लाल तापवून डाग दिला. केस जळले, भोक तसंच राहिलं. तेव्हा अण्णांनी ठरवलं, की येत्या अमावस्येला आणखी खोल डाग द्यायचा.

"डोळा गेला तर जाऊ दे," ते म्हणाले, "जीव तर ऱ्हाईल." एवढं बोलून ते परड्यात निघून गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी गुऱ्हाळावर बसले होते. तांबड्याला ऊस फार आवडे. मी कांडं टाकलं, त्याने उजवीकडे धरलं आणि चटका बसल्यासारखं टाकून दिलं. मग मान वाकडी करून ते डाव्या दाढेखाली घेतलं. पुन्हा टाकलं, पुन्हा तेच. माझ्या मनात लख्ख झालं. साताऱ्यात असताना माझी दाढ किडून गाल असाच सुजला होता आणि तेव्हा मीही असंच एका बाजूने खात होते. मी तांबड्याचं डोकं मांडीवर घेतलं, गोंजारत गोंजारत ओठ वर केला. वरची मोठी दाढ चिरफळली होती, मध्ये काळा खड्डा आणि वास असा, की मला तोंड फिरवावं लागलं.

मी धावतच अण्णांकडे गेले. "अण्णा, डोळ्याचं कायबी न्हाई. दाढंचं हाय."

"भोक डोळ्याखाली, आन तू दात बघतीस व्हय गं?"

"आवं, माझा गाल सुजला तवा मला कुणी डाग दिला का? दाढच काढली न्हवं?"

"तू माणूस हाईस."

"मंग त्यो कोण हाय?"

हे ऐकून अण्णांची बायको, आमच्या काकी, चुलीपाशी पोट धरून हसू लागल्या. "लय शिकली बया! आता मांजराला मिश्री लाव आन म्हशीला दातवण दे!"

मी वाद घातला नाही. अण्णांना गुऱ्हाळावर नेलं आणि कांडं टाकलं. पलटणीची वर्षं सोडली तर उभा जन्म बैलांचं चालणं-खाणं पारखण्यात गेलेला माणूस तो, एका नजरेत ओळखलं. "एकाच अंगानं खातंय की रं लेका," ते तांबड्यालाच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "गुळाची गाडी सांगलीला चाललीय. दाखवू. डॉक्टर न्हाई म्हणाला, तर आल्या आल्या डाग."

गुळाच्या ढेपांवर पोतं अंथरून तांबडा बसला आणि आम्ही सांगलीला गेलो. गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आधी हसले. "अहो, मी बैलांचा डॉक्टर. कुत्र्याचा दात दाखवायला आजवर कोणी आलं नाही." पण त्यांनी तोंड उघडून पाहिलं आणि हसू मावळलं. "हा काही टणक चावतो का?"

अण्णा टोपी काढून तिच्याकडे बघत राहिले. "दगड झेलतो जी," ते हळूच म्हणाले. "आमीच शिकिवलंय."

क्लोरोफॉर्म देऊन तांबड्याला निजवलं. दाढ सहज निघेना. मुळं तीन आणि तिन्ही घट्ट, शेवटी डॉक्टरांनी ती फोडून तुकड्यांनी काढली. मग त्यांनी पिचकारीत औषधी पाणी भरून दाढेच्या रिकाम्या खड्ड्यात सोडलं. ते पाणी डोळ्याखालच्या भोकातून बाहेर आलं!

डॉक्टरांनी पुन्हा पिचकारी मारली. पुन्हा तिथूनच धार. अण्णा टेबलावर वाकून बघत होते. ते सरळ उभे राहिले, पलटणीत उभे राहत तसे, आणि भरल्या दवाखान्यात म्हणाले, "आमची पोरगी म्हणाली हुती! आमची पोरगी!"

अमावस्या आली आणि गेली. तोवर भोक आक्रसू लागलं होतं. पुढे तिथे केस आले आणि डोळा होता तसा टपोरा राहिला. तांबडा पुन्हा दोन्ही बाजूंनी ऊस फोडू लागला, रात्री कोल्ह्यांमागे धावू लागला. दगड मात्र त्याच्यापुढे कुणी फेकायचा नाही, असा अण्णांनी गावाला दम भरला. गावात कुणाचं जनावर खायचं थांबलं, की अण्णा आधी विचारत, "तोंड उघडून बघितलं का?" आणि बघितलं नसलं तर मला हाक मारत. काकींचं मांजर लाळ गाळू लागलं, तेव्हा काकी स्वतःच ते पदरात गुंडाळून माझ्याकडे आल्या. दाढांमध्ये हाडाची काडी अडकली होती. मी ती काढली आणि विचारलं, "काकी, मिश्री कुठाय?"

"गप गं," त्या म्हणाल्या, पण हसल्या.

ती डागणी अण्णांनी सांगलीहून परतल्यावर त्याच आठवड्यात गुऱ्हाळाच्या चुलवाणात तापवून घणाने वाकवली. गावातलं घर आता तुमच्या बाबांच्या मामेभावाकडे आहे. ती वाकवलेली डागणी अजूनही तिथल्या गोठ्याच्या दाराला कडी म्हणून आहे.