मंगळाच्या पोशाखाचं माप

विज्ञान कादंबऱ्या डोळ्यांनी वाचणारे जगात पुष्कळ असतील. इंची टेपाने वाचणारा माणूस एकच, आणि तो आमच्या कारंजा गावात शिलाई मशीनमागे बसतो. सारं गाव त्यांना मास्टर म्हणतं. मास्तर मीही आहे, पण शाळेतला; गावात मान त्यांना. वाचनालयातल्या अंतराळाच्या कादंबरीत समासात शिंप्याच्या निळ्या खडूच्या रेघा दिसल्या की समजावं, मास्टर वाचून गेले. कोणत्या कादंबरीवर पिक्चर निघेल, याचा निकाल ते चहा थंड व्हायच्या आत देतात. सिद्धांत सोपा : "ज्याचे कपडे शिवता येत नाही, त्याचा पिच्चर निघत नाही." एका कादंबरीत परग्रहावरचे आठ हातांचे लोक होते. मास्टर जेवण सोडून कागदावर बेतत बसले आणि शेवटी पुस्तक माझ्यापुढे आपटून म्हणाले, "आठ हात लिवले, पन बाह्या कुठी जोडाच्या ते सांगतच नाही हा मानूस! याचा पिच्चर कोन काढन?" दुसऱ्या एका नायकाने चंद्रावर खिशातून पेन काढलं, तेव्हा तीन पानं मागे जाऊन तो खिसा शोधणारे वाचकही हेच.

अशा माणसाला मी माझी पहिली, आणि देवाच्या कृपेने एकमेव, कादंबरी वाचायला दिली. मंगळावर एकट्या पडलेल्या शास्त्रज्ञाची ती कथा. छापली मीच, वाटली मीच, आणि उरलेले गठ्ठे दिवाणात भरून त्यावर झोपतोही मीच. मास्टरांनी ती वाचली, परत दिली आणि पुढ्यातल्या कॉलरला लागले. निकाल नाही, खडूची एक रेघ नाही. आठ हातवाल्याचा निदान अपमान तरी झाला होता. माझ्या वाट्याला तोही नाही. माझा तोल गेला आणि मी बोलून बसलो, "मुंबईहून फोन आलता मास्टर. पिच्चर काढतो म्हनतात याच्यावर."

फोन कसला येतो! पण पंधरा दिवसांनी कळलं, मास्टरांनी ऐन जूनमध्ये शाळेच्या गणवेशांचं कापड लोकांना परत केलं आणि ऑटोच्या सीटचं रुपेरी रेक्झीन आणून त्या पिक्चरसाठी मंगळाचा पोशाख शिवायला घेतला. त्यांचं वर्ष त्या गणवेशांवर चालतं, हे मला ठाऊक होतं. खरं सांगायला मी रोज निघायचो आणि कोपऱ्यावर कचोरी खाऊन परतायचो. शेवटी त्यांनीच मला ट्रायलला बोलावलं.

"पन माप कोनाचं घेतलं?" मी विचारलं.

"तुमचं. हिरो तुमीच हाय ना? मले पयल्याच पानावर समजलं. फक्त पोट तेवढं कमी केलं तुमी."

भर दुपारी त्या रेक्झीनमध्ये मी उकडून निघत होतो आणि मास्टर तोंडात टाचण्या धरून कंबर आवळत होते. मला राहवेना. "मास्टर, फोन नाही आला कोनाचा. मी खोटं बोललो."

त्यांनी एकेक टाचणी तोंडातून काढून ठेवली. "काहून?"

"तुमी माह्या किताबीबद्दल काहीच नाही बोलले म्हून."

मास्टरांनी गळ्यातला टेप काढून गुंडाळला. मग म्हणाले, "बाकीच्या किताबीत मी कपडे पाह्यले, सर. तुमच्यात ध्यानातच नाही राह्यलं. तो मंगळावरचा बाप तिथी पोरीच्या निरोपाची वाट पाहून राह्यला, अन् निरोपच येत नाही... तिथी मी अटकलो. दोन दिवस मशीन नाही चालवली."

ते प्रकरण मी केवळ पानं भरावीत म्हणून घातलं होतं. हे मात्र मी सांगितलं नाही. एका दिवसाला एक कबुली पुरे. मला फार लाज वाटली, आणि निर्लज्जपणे त्याहून जास्त आनंद झाला.

गणवेशांचं कापड मी घरोघर फिरून परत आणलं आणि आठवडाभर दुकानात बसून बटणं लावली. मी लावलेलं प्रत्येक बटण मास्टर मुकाट्याने उसवून पुन्हा लावत. त्यांची मुलगी लग्न होऊन दूर गेली आहे, एवढंच मला ठाऊक आहे. तिचा फोन येतो का, हे विचारावंसं फार वाटतं. अजूनही शाळा सुटली की मी त्यांच्याशेजारी जाऊन बसतो, चहा पितो, आणि कपड्यांबद्दल बोलून घरी येतो.