कमजोरीच्या खान्यातले बिरूमामा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुमची माझी ओळख नाही आणि तुमच्या मताशी मला देणंघेणं नाही. फक्त मधेच मान हलवून ‘होतं असं कधीकधी’ म्हणू नका. ते आपोआप झालेलं नाही, मी केलं आहे.

दत्ताकाका माझ्या वडिलांचे मित्र. गुलमंडीजवळच्या गल्लीत त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. मी एमबीएच्या शेवटच्या वर्षाला. घरात तीन पिढ्या कारकुनी झालेली, मी पहिलीच ‘मॅनेजमेंट’वाली — डोक्यात हवा किती होती ते विचारू नका. पाऊस सलग हुकलेला. शहर मात्र जालना रोडनं सुसाट वाढत होतं, चकचकीत मॉल उघडला होता, आणि काकांच्या दुकानाकडे शहरातलं कुणी फिरकत नव्हतं. मला कॉलेजसाठी प्रकल्प हवाच होता. म्हटलं, काका, तुमच्या दुकानाचं स्वॉट करते. मोठ्या कागदावर चार खाने आखायचे — बलस्थानं, कमजोऱ्या, संधी, धोके — आणि धंद्याचं जे काही असेल ते त्यांत बसवायचं. काका म्हणाले, कर बाई, काहीतरी कर.

दुकानाच्या दाराशी पोत्यावर बिरूमामा बसायचे. फुलंब्रीकडचे धनगर, मेंढरं विकून नावं कोरायचं काम शिकलेले, रोज एसटीनं यायचे-जायचे. घेतलेल्या भांड्यावर छिन्नी-हातोडीनं नाव घालून द्यायचे. कोणाकडून, कोणाला, कोणत्या गावचं — सगळं विचारल्याशिवाय छिन्नी टेकवायचे नाहीत. एका कळशीला तासभर.

आणि त्यांची आणखी एक खोड होती. दुष्काळात गावाकडची माणसं जुनी भांडी मोडीत घालायला आणायची. काट्यावर ठेवण्याआधी मामा ते भांडं हातात घ्यायचे आणि त्याच्यावरचं नाव मोठ्यानं वाचायचे. “मायचं नाव हाय यावर. द्यायचं का खरंच?” काही जण देऊन टाकायचे. काही जण भांडं पदराखाली घेऊन परत जायचे. काका कपाळाला हात लावायचे, पण मामांना कधी बोलायचे नाहीत.

मला ते सुरुवातीपासून आवडत नव्हते का? नाही — खोटं कशाला बोलू? माणूस म्हणून मला ते दिसतच नव्हते. दिसले ते त्या दिवशी.

मी काकांना कागद समजावून सांगत होते. धोके: मॉल, प्लास्टिक, स्टील. दुकानात पाच-सहा माणसं होती. मामांनी मान वर केली आणि सहज विचारलं, “ताई, यात पानी कुठं लिवलं?”

मी पाणी लिहिलंच नव्हतं. त्याच दिवशी सकाळी मी आमच्या कॉलनीत टँकरपुढे दोन हंडे घेऊन उभी होते — आणि दुष्काळ माझ्या कागदावर नव्हता. काका हसले. गिऱ्हाइकं हसली. मामा हसले नाहीत, ते खरंच विचारत होते. पण मला तेच जास्त झोंबलं. तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या माणसानं मला शिकवावं?

त्या आठवड्यात मी गिऱ्हाइकांशी बोलले होते. वहीत त्यांची वाक्यं जशीच्या तशी आहेत. फुलंब्रीची एक बाई म्हणाली होती, “दुसरीकडं काट्यावर टाकत्यात अन् मोकळं होत्यात. इथं मामा हायती म्हनून येतो आमी. लेकीच्या लग्नालाबी इथंच येनार.” असं एकीनं नाही, जवळजवळ प्रत्येकानं सांगितलं होतं. मी मामांचं नाव बलस्थानांच्या खान्यात लिहिलंही होतं, सगळ्यात वर; तो खाना काकांना अजून दाखवायचा होता.

मग मी नवा कागद घेतला. सगळं उतरवून काढलं — आणि ते एकच नाव कमजोऱ्यांत टाकलं. ‘हाताने नाव घालणे: वेळखाऊ. मोडीला विरोध.’ शेजारी संधीच्या खान्यात नाव घालायचं मशीन.

त्या कागदाला कॉलेजात पहिला नंबर मिळाला. काकांनी मशीन आणलं. शिकलेल्या पोरीवर त्यांचा विश्वास होता.

मामा हिशेब मागायला आले नाहीत, भांडायला आले नाहीत. छिन्न्या फडक्यात गुंडाळून माझ्यापुढे उभे राहिले.

“मालक म्हनले, गिऱ्हाइकाला माझं काम पटंना. व्हय का, ताई?”

“हो,” मी म्हणाले.

“कोन म्हनलं?”

“सगळेच.”

इथं थांबता आलं असतं, नाही का? ‘चुकलं माझं’ म्हणायला किती वेळ लागतो? मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला बरं वाटत होतं. हो, बरं वाटत होतं.

“मंग ठीक हाय,” ते म्हणाले. “गिऱ्हाईक कशाला खोटं बोलंल?”

गावाकडची माणसं त्यानंतर आली, दारातलं रिकामं पोतं बघितलं, मामांची चौकशी केली आणि हळूहळू यायची बंद झाली. लग्नसराईतही. दोन वर्षांत दुकान गेलं. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. काका म्हणायचे, मॉलनं खाल्लं. मी मान डोलवायचे. तोवर मला त्याच कागदाच्या जोरावर नोकरी लागली होती.

शहराचं नाव बदललं, माझ्या केसांत पांढरं आलं. मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसात एक बाई कामाला लागली. बोलता बोलता कळलं, बिरूमामांची लेक. वडील गेल्या साली वारले म्हणाली. गावातली माणसं भांडी घेऊन त्यांच्या दारी यायची, पण त्यांनी पुन्हा छिन्नी धरली नाही. “तुमाला पटत नवतं तर तवाच सांगायचं व्हतं,” म्हणून भांडी परत करायचे. लोकांना काही कळायचं नाही. हळूहळू ते कुणाच्या लग्नालाही जाईनासे झाले.

“मॅडम, लई लागलं व्हतं त्यांना,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत एकेकाचं नाव घ्यायचे. हा म्हनला आसंल का, ती म्हनली आसंल?”

मी तिला चहा मागवला. दुष्काळाबद्दल बोलले, एसटीबद्दल बोलले. त्या कागदाचं तिला सांगितलं नाही. वही अजून माझ्या कपाटात आहे, तीही दाखवली नाही. ती रोज माझ्यासमोरच्या टेबलाशी बसते आणि मला मान देते.

कोणीच म्हणालं नव्हतं. मी म्हणाले होते.