नऊ अवसांची वही

अध्यक्षांनी माझ्या वहीला हात लावला नाही. खिशातलं पेन काढलं, त्याचं टोपण पुढे केलं आणि टोपणानं पान उलटलं. मग दुसरं. मग तिसरं. मी टेबलासमोर उभी होते. बाजूला दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा म्हणालं नाही कुणी.

वहीत अंगठे होते. सिमेंटच्या हातांनी घाईघाईत उमटवलेले. काही पानं वाळून कडक झाली होती. म्हणून टोपण. मला ते लगेच कळलं. असल्या गोष्टी कळायला आम्हाला वेळ लागत नाही, तेवढं शिक्षण आमचं शाळेच्या आधीच झालेलं असतं.

पाचव्या पानावर ते थांबले. कारकुनाला भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायला लावलं. एकदा वहीत बघितलं, एकदा कॅलेंडरात. महिने मागे पुढे केले. मग टोपण वहीवर टेकवून खुर्चीत मागे रेलले.

"ह्या सगळ्या अवसा हायत की हो, बाई. शाळा बांधताय का भानामती करताय?"

समितीतले दोघं हसले. कॅलेंडर धरून उभा असलेला कारकून हसला. आणि मीही हसले. तेच लिहायला मला सगळ्यात जड जातंय. त्यांनी हसावं यात नवल नाही, त्यांना दुसरं येतं काय. पण माझे दात कशाला दिसले? बी.एड. झालेली, मुख्याध्यापिका असलेली, चाळिशी ओलांडलेली बाई, आणि माझ्या माणसांच्या अंगठ्यांवर माझ्यासमोर थट्टा झाली तर मी पोरीसारखी लाजून हसले.

आता हे प्रकरण काय ते सांगते. नळदुर्गहून आत गेलं की आमचं गाव. गावातल्याच काही लोकांनी मिळून काढलेली आमची शाळा, आठवी ते दहावी. विनाअनुदानित. म्हणजे सरकारनं परवानगी दिली आणि हात झटकले. मी तिथली मुख्याध्यापिका, विज्ञान मीच शिकवते, आणि शिपाई नाही म्हणून घंटाही मीच देते. मागच्या तपासणीत साहेब लोकांनी शेरा मारला होता: प्रयोगशाळा नसल्यास पुढील वर्षी दहावीची मान्यता मिळणार नाही. दहावी बंद झाली तर मुलगे सायकली हाणत अणदूरला जातील, नळदुर्गला जातील. मुलींना कुणी पाठवणार नाही. नववी पास झालेल्या पोरीसाठी आमच्याकडे एकच पुढचा वर्ग असतो, आणि त्याला मांडव लागतो.

त्यात पुण्याच्या एका न्यासाची योजना कानावर आली. मॅचिंग ग्रांट. गावानं अर्धं उभं करायचं, अर्धं न्यास घालणार. अर्ज जायचा जिल्ह्यातल्या शिफारस समितीकडून. समितीचे अध्यक्ष म्हणजे डझनभर अनुदानित शाळांचे आणि एका मोठ्या कॉलेजचे मालक. अनुदानाच्या ताटावर वर्षानुवर्षं बसलेला माणूस आता कुणाला वाढायचं ते ठरवणार. वाढप्या ओळखीचा लागतो म्हणतात. आमचा कोण ओळखीचा.

गावाकडे रोकड नव्हती. हात होते. निम्मं गाव गवंडी कामावर, खडी फोडायला, माल कालवायला जाणारं. आमच्या भागात अवसेला कुणी मालक बांधकामाला हात लावू देत नाही, त्यामुळे गवंड्यांना आणि बिगाऱ्यांना त्या दिवशी हक्काची सुट्टी. चाँदभाई मिस्त्रीची नात माझ्याकडे आठवीत आहे. पालकसभेत तो उठून म्हणाला, "मॅडम, अमावस को मैं घर बैठके मक्खी मारता. वो दिन शाळेला घ्या."

तसंच ठरलं. पहिली अवस येळवसची निघाली. त्या दिवशी अख्खा जिल्हा शेतात जेवायला जातो, रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. आमच्या गावचे शेतकरी शेतात पूजा उरकून भज्जी आणि आंबिलीचे डेरे घेऊन शाळेवर आले. कुणी वाळूची खेप टाकली, कुणी ट्रॅक्टर दिला. पाया त्या दिवशी खोदला. तेव्हापासून दर अवसेला काम. फक्त पोळ्याची अवस सोडली, बैलांना सुट्टी तर माणसांनाही असू द्या म्हणून. नऊ अवसांत भिंती खिडकीच्या वर गेल्या. माझी माय, सत्तरीला आलेली, आयुष्यभर घमेली वाहिलेली, एकाही अवसेला चुकली नाही. मी नको म्हणत होते. ती ऐकणाऱ्यातली नाही.

आणि मी शाळेतली बाई, मला नोंदीची खोड. कोण आलं, काय काम केलं, तारीख, सही नाहीतर अंगठा. फॉर्मवर गावाच्या वाट्याचे रकाने होते, त्यातला शेवटचा 'इतर'. तिथं मी लिहिलं: श्रम, सोबत वही. तारखा खऱ्या लिहिल्या. खोट्या लिहाव्यात हे डोक्यातच आलं नाही. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव बाहेर काढले, त्यांच्याबरोबर अवस-पुनवेची भीतीही गेली. ती भीती कुणाच्या कचेरीत अजून खुर्चीवर बसलेली असेल, हे मी विसरले. चूक म्हणा हवं तर.

हसून झाल्यावर अध्यक्ष कामाचं बोलले. श्रमबिम धरता येत नाही. शिवाय अवसेला घातलेला पाया. विद्येचं मंदिर असं बांधतात काय? पण लेकरांचं नुकसान नको. त्यांची संस्था गावाच्या ऐवजी अर्धा वाटा भरेल. योजनेत तशी सोय आहे. फक्त झालेलं बांधकाम पाडायचं, मुहूर्त बघून भूमिपूजन करायचं, आणि शाळा त्यांच्या संस्थेची शाखा होईल. नाव त्यांच्या आईचं.

आयत्या बिळावर नागोबा. तोही मुहूर्त बघून.

कारकुनानं टाईप केलेलं पत्र माझ्यापुढे सरकवलं. आधीच तयार होतं. त्यात लिहिलं होतं: 'आमचे गाव अत्यंत गरीब असून कोणत्याही स्वरूपाचा लोकवाटा उभारण्यास असमर्थ आहे. करिता आपल्या संस्थेने गावाचा वाटा भरून आम्हांस उपकृत करावे.' खाली माझं नाव, पदनाम, सहीची जागा.

"पुढच्या आठवड्यात पुण्याच्या मॅडम येतेत. तवा सही करून आणा," अध्यक्ष म्हणाले. "आन् ती वही हितंच राहू द्या. तिचं आता काय काम?"

मी वही उचलली. का उचलली, सांगता येत नाही. तेव्हा धाडस वगैरे काही नव्हतं. "शाळेचं दप्तर आहे, साहेब," असं काहीतरी पुटपुटले आणि बाहेर पडले. एसटीत नळदुर्गपर्यंत मी माझ्याच हसण्याचा आवाज ऐकत होते.

मी सही करणार होते. हे लपवत नाही. दहावीच्या वर्गात एकोणीस मुली आहेत, मागून नववीच्या येताहेत. भिंती काय, पुन्हा उभ्या राहतील. गरीब म्हटल्यानं अंगाला भोकं पडत नाहीत. असला सगळा शहाणपणा मी वाटेत जमवला होता.

घरी मायला पत्र वाचून दाखवलं. ती शेंगा फोडत बसली होती. पूर्ण ऐकून घेतलं.

"उपकृत म्हंजी?"

"म्हणजे उपकार करा."

"आन् कोणत्याबी स्वरूपाचा न्हाय म्हंजी?"

"म्हणजे गावानं काहीच दिलं नाही."

तिनं हातातली शेंग सुपात टाकली. "नऊ अवसा म्या काय केलं मग? ओव्या म्हणल्या?"

मी अवसेचं सांगितलं. अध्यक्ष कसे हसले, भानामती कसं म्हणाले ते. वाटलं तिला राग येईल. ती हसली, पण मी कचेरीत हसले तसं नाही.

"त्येच्या कालेजाचा स्लॅब कवा टाकला, ठाव हाय का तुला? येळवसला. तू नववीत व्हतीस. त्येला विलेक्शनच्या आधी उद्घाटन पायजे व्हतं. मुकादम घरोघर आला गाडी घिऊन. येळवसला कोण जातंय कामाला? पर नेलं आमाला. आमी आंबील न्हाय प्यालो त्या दिशी, शिमिट खाल्लं. त्यो सोता उभा व्हता तितं, पांढऱ्या कापडात. तवा न्हाय म्हणला भानामती."

त्या येळवसची मला आठवण होती. घरात स्वयंपाक नव्हता, मी शेजारणीकडे जेवले होते. माय अंधार पडल्यावर आली, केस पांढरे करून. त्याच कॉलेजात पुढे मी बी.एस्सी. केलं. तीन वर्षं त्या स्लॅबखाली बसून मी शिकले आणि वर बघायचं मला सुचलं नाही.

"सही करायची तर कर," माय म्हणाली. "लेकरांचं हाय, म्या आडवी येत न्हाय. पर मग माझं नाव काढ त्या वहीतनं. खोट्या वहीत म्या न्हाय ऱ्हात."

आठवड्यानं गेले. या वेळी पुण्याच्या मॅडम होत्या म्हणून मलाही खुर्ची मिळाली. खादीचा कुर्ता, गोड आवाज. अध्यक्षांनी माझी ओळख करून दिली, "लई धडपडी बाई हाय. पर गाव अगदीच फाटकं." आणि हात पुढे केला, पत्रासाठी.

मी पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. सहीची जागा कोरी.

"हे खोटं आहे. माझ्या गावानं वाटा दिलाय. मी सही करणार नाही."

"बाई, डोकं ठिकाणावर ठिवा. अवसेचा पाया..."

"तुमच्या कॉलेजचा स्लॅब येळवसला टाकला, साहेब. माझी माय होती घमेली वाहायला. तुम्ही उभे होता. आणि लक्ष्मीपूजन कुठल्या दिवशी करता तुम्ही? पुनवेला?"

या वेळी कुणी हसलं नाही. कारकून खाली बघत राहिला. अध्यक्षांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेली. इतकी वर्षं मी या माणसाला घाबरत होते. त्याच्या मोटारीला वाट देत होते, त्याच्या वाढदिवसाच्या फलकाखालून मान खाली घालून जात होते. आणि आतून हा एवढाच. कॅलेंडर पुढे करून अंग वाचवणारा.

"खाल्ल्या घरचे वासे मोजायला लागलात व्हय," ते शेवटी म्हणाले. "आमच्याच कालेजात शिकलात."

"वासे आम्हीच घातलेत. मोजणारच."

मग पुण्याच्या मॅडम बोलल्या. त्यांचा आवाज तसाच गोड होता. "ताई, तुमच्या भावना मी समजू शकते. पण श्रमाचं मूल्य आमच्या पद्धतीत बसत नाही हो."

"'इतर' असा रकाना आहे."

"ते पंखे, बाकं, असल्या गोष्टींसाठी."

पंखा चालतो. पंखा बसवणारा चालत नाही. अध्यक्षांनी निदान तोंडावर भानामती म्हटलं, या बाईनं भावना म्हटलं. दोन्हीतलं कुठलं जास्त किळसवाणं, मी अजून ठरवलेलं नाही. तिनं वही मागितलीही नाही, टोपणानंसुद्धा.

अर्ज परत आला. वर शिक्का: शिफारस नाही.

गावात सांगितलं तेव्हा सगळे माझ्या बाजूनं उभे राहिले, असं झालं नाही. दोन पालक माझ्या तोंडावर म्हणाले, बाईच्या ताठ्यापायी शाळा जाणार. त्यांच्या मुली आहेत वर्गात, त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मी त्यांना वही दाखवली. त्यातल्या एकानं स्वतःचा अंगठा शोधला, बराच वेळ बघितला आणि वही मिटून गेला. लक्ष्मीपूजनाच्या अवसेला तो कामावर आला. चाँदभाईनं त्या दिवशी दाराची चौकट बसवली. मायनं घमेलं उचललं. मीही उचललं, आतापर्यंत मी फक्त नोंदी करत होते.

छताला पैसा नाही. पत्रे टाकू, तेही जुने. तपासणीला साहेब येतील तेव्हा मी त्यांना त्या पत्र्याखाली उभं करीन आणि दहावीच्या मुली त्यांच्यासमोर प्रयोग करतील. मान्यता दिली तर दिली. नाही दिली तर वर्ग चालूच राहील, फॉर्म नंबर सतरा भरून बाहेरून परीक्षेला बसवीन एकेकीला. पुण्याचा अर्जही दरवर्षी करणार. दरवर्षी त्यावर श्रमाचा रकाना मी पट्टीनं, शाईनं आखणार. त्यांनी तो दरवर्षी खोडावा.

एक मात्र बदललं. वही आता मी कुणाच्या टेबलावर ठेवत नाही. समोरच्याच्या हातात देते. हात पुढे येईपर्यंत धरून उभी राहते.