किशोरच्या काखेखालची मूठ

आमचा नातू रग्बी खेळतो हे मी पहिल्यांदा गावात सांगितलं, तेव्हा महादेवरावानं विचारलं, "म्हंजे काय करते तो?"

मी म्हणालो, "पपईएवढा चेंडू असते. तो काखेत मारून पळायचं, आन् बाकीच्यायनं त्याले पाडायचं."

महादेवराव बराच वेळ तंबाखू मळत बसला. मग म्हणाला, "मंग पपईच काहून नाई घेत? पाडल्यावर खाता तरी येईन."

मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला माणूस. पण या खेळाचं मला असं काही वेड लागलं की किशोरचा सामना असला म्हणजे मी डबा घेऊन हजर. अमरावतीच्या मैदानावर पोट्टे मला ओळखायचे. सगळे आबाजीच म्हणायचे.

किशोरचा पहिला खेळ पंधरा जणांचा. त्यात पुढचे आठ अंगापिंडानं दांडगे. ते वाकून एकमेकांना घट्ट धरतात आणि समोरच्या आठांना डोकी-खांदे भिडवून रेटतात. त्याला स्क्रम म्हणतात. मला ते पाहून गाडीला जुंपलेले बैल आठवले. पहिल्या ओळीत तिघं, त्यात डावीकडे आमचा किशोर. मधे चंदन, जयवंताबाईचा एकुलता पोरगा. त्यांचा मळा आमच्या शेताला लागून. झेंडू आणि भाजी पिकवतात आणि अमरावतीला नेऊन विकतात. लहानपणी दोघं पोरं त्याच मळ्यात पडीक असायची.

किशोर अबोल आणि चंदन दोघांच्या वाटचं बोलणारा. स्क्रममध्ये तो किशोरला उजवीकडून खेटायचा, त्याच्या उजव्या काखेखालचा सदरा मुठीत घट्ट धरायचा आणि कानाशी म्हणायचा, "दाब बे रेड्या." मग समोरचे आठ मागे सरकलेच म्हणून समजा. सामना संपला की किशोरच्या सदऱ्याला उजव्या काखेखाली चुण्यांचा गोळा झालेला असायचा. त्याची आई सत्यभामा कुरकुरायची, "कोन्या म्हशीनं चावला हा सदरा?"

आता पुढचं सांगतो. त्या खेळाची एक रीत आहे. आपला गडी चेंडू घेऊन पडला की आपल्यातल्या जवळच्यानं धावत जाऊन त्याच्यावर वाकून उभं राहायचं. समोरच्यांना रेटून धरायचं आणि चेंडू राखायचा. चंदन पडला की किशोर जायचा. एवढा मोठा देह, पण चंदन जमिनीला लागायच्या आत हा तिथं.

दोन वर्षांमागं एका सामन्यात चंदन पडला तेव्हा किशोर पंचाला आपली फाटलेली बाही दाखवत होता. कोणीतरी ओढली होती, तेवढी तक्रार. मान वळवून बघेपर्यंत चंदनवर ढीग पडला होता. शिट्टी वाजली, एकेक करून सगळे उठले. चंदन उठला नाही. मान गेली होती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तोही गेला.

कोणाचा दोष निघाला नाही. पंच म्हणाले, खेळात होतं असं. जयवंताबाईनं किशोरला जवळ बसवून सांगितलं, "तू असता तरी तेच झालं असतं, बापू." किशोरनं मान हलवली. पण हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक माणूस जास्तीचं राहायला लागलं.

किशोर जेवायला बसायचा तो भिंतीपासून हातभर अंतर सोडून, आणि ते अंतर नेहमी उजवीकडचं. बसमध्ये दोघांचं बाकडं असलं तर हा डावीकडे, उजवी जागा मोकळी. कोणी बसायला आलं तर उठून उभा राहायचा. चालताना उजवीकडे कलायचा, जसं कोणी त्या खांद्यावर रेलून चाललंय. नांदगाव पेठेच्या कापडाच्या कारखान्यात नोकरीला लागला, तिथंही सोबतचे म्हणत, "याच्या उजव्या बाजूनं बोलावं तं दचकते."

आणि सदरा. किशोर कोणाशी खेळत नव्हता. सकाळी एकटाच रस्त्यानं धावून यायचा आणि घामेजलेला सदरा दोरीवर टाकायचा. एका सकाळी मी जवळ गेलो. उजव्या काखेखाली चुण्यांचा गोळा, पाच बोटांनी आवळून धरल्यासारखा. मी हातानं सारखा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सत्यभामेनं पाहिलं होतं की नाही कोण जाणे. पण म्हशीची गोष्ट तिनं पुन्हा काढली नाही.

जुना संघ मोडला. मग शिवम नावाचा त्यातलाच एक पोट्टा एके दिवशी घरी आला आणि म्हणाला, "किशोरदादा, अकोल्याले गीतांजली मॅडम तेरा जनाची टीम करून राहिल्या. लीग म्हन्तात. त्यात रेटारेटीचा स्क्रम नसते. नावाले वाकतात, झालं."

किशोरनं विचारलं, "डोकं घालावं लागत नाई?"

"नाई."

तेवढ्यावर तो कबूल झाला. खेळावाचून त्याचा जीव राहत नव्हता आणि त्या ओळीत पुन्हा डोकं घालवत नव्हतं. या तेरांच्या खेळात जागा मिळाली तर पोरगं माणसात येईल, नाही तर भिंतीपाशीच बसून राहील, हे मला दिसत होतं. म्हणून रविवारची गाडी धरून मीही अकोल्याला जायला लागलो. मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली बाकडं होतं, ते माझं.

गीतांजली मॅडम शाळेत खेळ शिकवणाऱ्या. किडकिडीत बाई, पण आवाज चौथ्या वावरात जाईल असा. त्यांनी मला एका दमात खेळ समजावला. गडी पडला की पाडणाऱ्यांनी त्याला सोडून बाजूला व्हायचं. पडलेल्यानं आपलं आपण उठायचं, चेंडू पायानं मागे सारायचा, मागचा उचलून पळेल. त्याच्यावर कोणी वाकायचं नाही, त्याला राखायचं नाही. असं सहा वेळा, मग चेंडू दुसऱ्यांचा.

सोपं वाटलं ना? आमच्या किशोरला तेच जमेना.

कोणीही पडला की हा सुसाट जाऊन त्याच्यावर वाकून उभा. शिट्टी. चेंडू समोरच्यांना. पुन्हा कोणी पडला की पुन्हा हा. आणि स्वतः पडला की चेंडू पोटाशी घेऊन तसाच मुटकुळं करून पडून राहायचा. पाडणारे उठून गेले, मोकळं मैदान, तरी हा पडलेलाच.

ललित म्हणून एक अकोल्याचा तिखट पोट्टा होता. तो माझ्या बाकड्याजवळ येऊन म्हणाला, "आबाजी, तुमचा नातू तं कोंबडीवानी अंड्यावर बसते. उबवून पिल्लू काढते का?"

मी म्हणालो, "काढलं तं पयलं तुलेच देईन, बाबू." सगळे हसले. किशोर हसला नाही.

सराव संपल्यावर मॅडमनी त्याला बोलावलं. मी ऐकत होतो.

"पडलेल्यावर काहून जातो?"

"त्याच्यावर पडतीन न बाकीचे, मॅडम."

"इथं कोनी पडत नाई. ते बाजूले होतात, तो उठते."

"आन् नाई उठला तं?"

मॅडमनी शिट्टी खिशात टाकली. मग म्हणाल्या, "आन् तू स्वतः काहून उठत नाई?"

किशोर उजव्या पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. म्हणाला, "कोनी येते का पाहातो."

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "आजोबा, पोरगा चांगला आहे. पन पोळा झाल्यावरच्या रविवारी सामना आहे. त्यातही असंच झालं तं मी जागा दुसऱ्याले देईन. मले बाराच्या भरवशावर खेळता येत नाई."

मॅडमचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी परतताना गाडीत किशोरला म्हणालो, "उठायचं असते तवा उठावं, बापू." तो उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे पाहून म्हणाला, "मी उठलो तं तो एकटा राहील, आबाजी."



आता बैलाचं सांगतो, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे हरण्या आणि लाख्या अशी जोडी होती. हरण्या डाव्या अंगाचा, लाख्या उजव्या. मागच्या उन्हाळ्यात लाख्या गेला. तेव्हापासून हरण्या गाडीवाटेनं एकटा चालला तरी डाव्या चाकोरीतनं चाले, उजवी मोकळी सोडून. नवा बैल जोडीला आणला तर खांदा देईना.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून कडक झालेला खांदा हळद-लोण्यानं मळायचा आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्या घरी त्यात एक जास्तीची रीत आहे, माझ्या आजानं घातलेली. जोडीतला एक गेला असेल तर त्या वर्षी राहिलेल्याच्या कानात गेलेल्याच्या नावानंही आवतण द्यायचं. तो येतो, जेवतो आणि जोडीदाराचा खांदा सोडून जातो.

मी हरण्याचा खांदा मळून म्हणालो, "लाख्या, आज आवतन घे, उद्या जेवाले ये." तेवढ्यात जयवंताबाई बैलांच्या हारांसाठी झेंडू घेऊन आली. टोपली तशीच कमरेवर ठेवून ती ऐकत उभी राहिली. मग तिनं विचारलं, "ते दुसरं नाव कोनाचं घेतलं, आबाजी?"

मी रीत सांगितली. गोठ्याच्या दाराशी किशोर पेंडीची पाटी घेऊन उभा होता, उजवीकडे कललेला. ती त्याच्याकडे पाहत राहिली. टोपली खाली ठेवली, वाटीतलं लोणी-हळद बोटांवर घेतलं आणि म्हणाली, "बस खाली, बापू. सदरा काढ."

"काकू, मी..."

"बस म्हनलं न."

एवढा मोठा गडी मांडी घालून शेणामातीत बसला. जयवंताबाईनं त्याचा उजवा खांदा मळायला घेतला. मी कंदील जवळ धरला, तर काखेखाली कातडीवर चार बारीक तांबडे व्रण होते, ओळीनं. ती मळत राहिली. मग वाकून त्याच्या उजव्या कानाशी, पण त्याच्याशी नाही, असं बोलली, "चंदन, आज आवतन घे रे. उद्या जेवाले ये."

हरण्यानं मान वळवून त्या कोपऱ्याकडे पाहिलं. बैल माशीसाठीही मान वळवतो, हे मला माहीत आहे.

पोळ्याच्या दिवशी किशोरच्या उजवीकडे एक ताट वाढलं. पुरणपोळी, कढी, वडे. जयवंताबाई समोर बसली. किशोरनं आपलं ताट संपवलं, मग हळूच म्हणाला, "जेवला असंन." ते दुसरं ताट आम्ही हरण्याला चारलं.

रविवारी सामना. पहिल्यांदा शिवम पडला. किशोर निघाला. मी बाकड्यावरून उठलो. पण दोन ढांगांवर तो थांबला, दोन्ही मुठी आवळून. पाडणारे बाजूला झाले, शिवम उठला, चेंडू मागे दिला. किशोर त्याच्याकडे असा पाहत होता, जसं चितेवरून कोणी उठून यावं.

नंतर किशोर स्वतः पडला. तिघांनी मिळून पाडला, धप्प आवाज माझ्यापर्यंत आला. तिघंही सोडून मागे गेले. किशोर मुटकुळं करून पडला होता. मॅडम म्हणाल्या, "उठ." मोठ्यानंही नाही. तो उठेना.

आणि मी जे पाहिलं ते सांगतो. म्हाताऱ्याची नजर म्हणा हवं तर. त्याच्या उजव्या काखेखालचा सदरा गोळा झाला. वारा नव्हता. गोळा झाला आणि वर ओढला गेला, जसं पडलेल्याला सदऱ्याला धरून उठवतात तसा. आधी किशोरचा खांदा उठला, मग किशोर. त्यानं पायानं चेंडू मागे सारला. ललितनं उचलला आणि पळाला. सदरा खाली सुटला आणि साधा सदरा झाला.

सामना आम्ही हरलो. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या रविवारी लवकर ये." ललित म्हणाला, "आबाजी, कोंबडी उठली बा." परतीच्या बसमध्ये किशोर उजवीकडे खिडकीशी बसला, पत्र्याला खांदा टेकून, आणि झोपला. त्याच्या उजवीकडे कोणाला बसायला जागाच नव्हती.

दुसऱ्या सकाळी सदरा दोरीवर होता. जयवंताबाई फुलं घेऊन बाजाराला निघाली होती, ती अंगणात थांबली. तिनं उजव्या काखेखालचं कापड दोन्ही तळव्यांत धरलं आणि चाचपलं. कुठं एक चुणी नव्हती. किशोर दारात आला.

"जेवून गेला म्हनजे," ती म्हणाली.

"व्हय, काकू."

तिनं कापड सोडलं नाही. बराच वेळ धरून उभी राहिली. मग त्याच जागी आपली मूठ आवळली, घट्ट, आणि सोडली. सदऱ्यावर चुण्या उमटल्या. टोपली डोक्यावर घेऊन ती रस्त्याला लागली, अन् किशोरनं तो सदरा तसाच, न झटकता, अंगात घातला.