मीठ निघालं त्या दिवशी

नव्वदच्या दशकात मी कन्हेरी ते बारामती दुधाची गाडी चालवायचो. वाटेत एका बाईचं शेत लागायचं. कालव्याचं पाणी वर्षानुवर्षं भरमसाट पाजल्यानं मीठ फुटून पांढरं पडलेलं. पाणी दिलं की वरच डबकं साचायचं, आत मुरायचंच नाही. लोक म्हणायचे, मेली ती जमीन.

बाई मात्र रोज ढेकूळ उचलून कानाशी फोडायची. टणक आवाज आला की मातीवरच ओरडायची, "तोंड मिटून बसलीया भवानी!"

माती भुसभुशीत व्हावी, तिला भोकं पडावीत म्हणून तिनं जिप्सम टाकलं, धैंचा, म्हणजे हिरवळीच्या खताचं पीक, पेरून हिरवागार असतानाच मातीत गाडला. खालच्या अंगाला खोल चर खणला. मग एका सकाळी तिनं शेत पाण्यानं तुडुंब भरलं. बांधावर तिचा दीर हसत होता, "वैनी, पान्यानंच नासली जमीन, आन् तुमी पानीच पाजताय व्हय?"

मी गाडी थांबवली. डबकं हळूहळू खाली बसलं आणि चरात पाझर फुटला. दिरानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकला. "खारट हाय! वाया गेलं समदं!"

बाईनंही चाखलं. पदर खोचून ती चरातच नाचायला लागली. "आवं भावजी, मातीच्या पोटातनं मीठ निगालं! गोड आलं आसतं तर रडले आसते मी!"

मग तिनं माझ्यापुढं ओंजळ धरली. तोंड कसनुसं झालं, पण मी ते पाणी थुंकलो नाही. गिळलं.