फोन कुणी लावला

सायबर पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसून भागीरथीबाईंची पाठ भरून आली होती. तीच हकिगत पुन्हा सांगायची होती. मुंबईचा पोलीस म्हणून कुणाचा तरी व्हिडिओ कॉल आला. तुमच्या नावच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, चौकशी संपेपर्यंत घराबाहेर पडायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी, ब्लाउज शिवून साठवलेलं सगळं त्याच्या खात्यात गेलं.

हवालदार शिवकुमार निपाणीकडचा. कन्नडमध्ये लिहायचा आणि त्यांना मराठीत वाचून दाखवायचा.

"धमकावलं का नाही, अक्का?"

"धमकावलं की."

"मग तेवढंच सांगा. 'आपण जेवलात का' म्हणून विचारत होता, हे कुठं घालू मी ह्यात?"

शेजारी बसलेला मोहनकुमार, त्यांचा मुलगा, कसंनुसं हसला.

भागीरथीबाईंचा सगळा जन्म कन्नड मुलखात, जयनगरात गेलेला. मुलगा त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलायचा, सून रम्या तर कन्नडच. पुण्याचे पाहुणे आले की यांच्या मराठीला हसायचे, मग त्या स्वयंपाकघरातच रमायच्या. असं असताना एक माणूस स्वच्छ मराठीत, आदरानं, दुपारभर बोलत राहिला. इतकं चांगलं बोलणारा लबाड असेल, हे त्यांच्या मनाला शिवलंच नाही. भीती वाटत होती, ते खरं. पण बोलायला मिळतंय म्हणून बरंही वाटत होतं. एवढं मात्र मुलाला कळू नये, असं त्यांना वाटत होतं.

शिवकुमार त्यांचा मोबाइल चाळत होता. मध्येच थांबला.

"पैसे गेले त्या दिवशी सकाळचा हा कॉल. हा तर तुम्ही लावलाय, अक्का."

मोहनकुमारनं मान वर केली.

"त्यानं केस बिघडते का हो?" भागीरथीबाईंनी विचारलं.

"छे. कलम सहासष्ट ड. मोबाइलवरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं, की गुन्हा झाला. फोन कुणी लावला, ते कायदा विचारत नाही."

कायद्यानं विचारलं नाही. मोहनकुमारनं विचारलं, हळू आवाजात आणि कितीतरी दिवसांनी मराठीत.

"का लावलास, आई?"

भीतीनं, म्हणता आलं असतं. तो शब्द समोरच्या कागदावर होताच. पण आता नवं काही रचायचं त्राण त्यांच्यात नव्हतं.

"आदल्या दिवशी त्याला माझ्या आईच्या लोणच्याचं सांगत होते," त्या म्हणाल्या. "मध्येच कॉल तुटला. पुरं सांगायचं राहिलं होतं."

शिवकुमारनं कागद त्यांच्यापुढं सरकवला आणि पेन दिलं. सही कुठं करायची ते दाखवायला मोहनकुमारनं कागदावर बोट ठेवलं. सही झाली, तरी बोट तिथंच होतं.